प्रश्न तुमचे: स्पिटफायर मार्क ८, पंखाच्या मुळाची फट आणि पावसाळ्यातला रंग

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच विमानाची आहेत: दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर, 1/48 प्रमाणातलं प्लास्टिकचं मॉडेल. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

8 नंबरच्या भारतीय स्क्वाड्रनचं स्पिटफायर बनवायचं आहे. घरात मार्क ९ चं (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) किट पडून आहे. डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) बदलले की काम भागेल का? (नाशिक)

भागणार नाही. तुम्ही म्हणता ती रॉयल इंडियन एअर फोर्सची 8 नंबरची स्क्वाड्रन. ती आधी व्हेन्जन्स बॉम्बर उडवत होती, 1944 मध्ये तिला स्पिटफायर मिळाली आणि ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. पण ती स्पिटफायर मार्क ८ होती. लांबून मार्क ८ आणि मार्क ९ जुळी भावंडं वाटतात: तेच साठीच्या मालिकेतलं मर्लिन इंजिन, चार पात्यांचा पंखा, दोन्ही पंखांखाली सारखे रेडिएटर. फरक जवळ गेल्यावर दिसतात. मार्क ८ चं शेपटीचं चाक आत ओढलं जातं, म्हणून तिथे दोन झडपांची पोकळी लागते. मार्क ९ चं चाक कायम बाहेर. मार्क ८ चे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) बाहेरच्या टोकाला आखूड आहेत. तेव्हा बाहेरची खाच भरून थोडी आत नवी कोरावी लागते, आणि ते दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं जमलं पाहिजे. टोकदार रडर (शेपटीचा उभा, हलता भाग) आणि हवेच्या गाळणीचं लांब नाक या दोन गोष्टींवर मात्र विसंबू नका, कारण नंतरच्या मार्क ९ वरही त्या आढळतात.

हे सगळं कापून-भरून जमतं, पण एडुआर्ड कंपनीचं 1/48 मधलं मार्क ८ चं वेगळं किट मिळत असेल तर तेच घ्या आणि मार्क ९ मार्क ९ म्हणूनच बनवा. चांगल्या किटची कापाकापी करून त्याचं अर्धवट दुसरं विमान करण्यात वेळही जातो आणि किटही.

आता सर्वांत महत्त्वाचं. “मार्क ८” बनवायला बसू नका. एक ठरावीक विमान, एका ठरावीक फोटोतलं, बनवायला बसा. पंखांची टोकं नेहमीची की लांब टोकदार, शेपटीवर आणि पंखांवर पांढरे पट्टे आहेत की नाहीत, हे फोटोच सांगेल. फोटोत पट्टे नसतील तर डिकलच्या पानावर छापलेत म्हणून लावू नका. पूर्वेच्या आघाडीवरच्या विमानांवर ओळखीसाठी रंगवलेल्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि आपल्याच विमानावर गोळीबार होण्याची भीती होती. म्हणून तिथे गडद निळ्यात फिकट निळं वर्तुळ येतं. युरोपच्या डिकलमधलं लाल-पांढरं-निळं वर्तुळ इथे चुकीचं.

धडाला पंख जोडले की दोन्ही बाजूंना वरून जवळपास 1 मि.मी.ची फट राहते. पुट्टी भरून घासली तर शेजारच्या पत्र्याच्या जोडांच्या सगळ्या रेषा पुसल्या जातात. (कोल्हापूर, सोलापूर, ठाणे)

1/48 मध्ये 1 मि.मी. म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ 5 सें.मी. इतकी फट कुठल्याच मेकॅनिकने उडू दिली नसती, तेव्हा ती घालवायलाच हवी. पण पुट्टी हा शेवटचा उपाय. फट का पडते ते आधी शोधा.

पहिलं कारण रंग. कॉकपिटच्या भिंतींच्या आणि धडाच्या ज्या कडा एकमेकींना टेकतात, त्यांवर प्रायमर आणि रंगाचे दोन-तीन हात बसलेले असतात. ब्लेडची धार आडवी धरून त्या कडा खरवडून उघडं प्लास्टिक दिसू द्या. पंखांच्या आतल्या टोकांचंही तेच.

दुसरं कारण धड अरुंद होणं. धडाचे दोन भाग चिकटवताना आपण टेप करकचून आवळतो. वर सांधा सुंदर बसतो, पण पोट आत ओढलं जातं आणि पंखाच्या मुळाशी दोन्हीकडे अर्धा-अर्धा मि.मी. कमी पडतो. म्हणून धड कायमचं चिकटवण्याआधी कॉकपिट आत ठेवून, नुसत्या टेपवर, पंख लावून बघा. फट दिसली तर स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा कापून पंखाच्या मुळाच्या रेषेत, कॉकपिटच्या मागे, धडाच्या आत आडवा ठोकळा म्हणून बसवा. पहिला तुकडा लांबच ठेवा आणि 0.2-0.3 मि.मी. घासत घासत आणा. घाईने जास्त घासलात तर नवा तुकडा कापा. लहान तुकड्याला कागद लावून वाढवू नका, गोंद लागला की तो दबतो.

तिसरं कारण पंखांचा कोन. स्पिटफायरचे पंख आडवे नाहीत, मुळापासून 6 अंश वर उचललेले आहेत. किटमधले पंख पेटीत दबून सपाट झालेले असतात आणि टोकं खाली गेली की मुळाशी वरची फट उघडते. एका पंखाच्या टोकापासून धडावरून दुसऱ्या टोकापर्यंत मास्किंग टेप ताणा. टोकं वर येतात आणि फट डोळ्यांदेखत मिटते. त्याच स्थितीत विमान सपाट काचेवर ठेवून दोन्ही टोकांची उंची पट्टीने मोजा. 1 मि.मी.चा फरकही समोरून पाहताना खटकतो. जमलं की पातळ सिमेंट खालच्या बाजूने ब्रशने सोडा. ते फटीत आपोआप ओढलं जातं. टेप रात्रभर तशीच राहू द्या.

एवढं करून केसाएवढी फट उरली तर अॅक्रिलिक पुट्टी किंवा फेव्हिकॉल भरून ओल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. घासायची गरजच नाही आणि रेषा शाबूत राहतात. पूर्ण गुळगुळीत मात्र करू नका. खऱ्या विमानातही तिथे पत्र्याचा जोड आहे, तेव्हा बारीक रेष दिसली पाहिजे.

जुलैत रंग मारला की वर पांढुरकी झाक येते. कधी पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. (डोंबिवली, रत्नागिरी, पणजी)

हे दोन वेगळे आजार आहेत. पांढुरकी झाक लॅकर थिनरमुळे येते. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसून रंगाच्या थरात अडकतं. आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी लॅकरचा ग्लॉस (चकचकीत थर) मारूच नका. कोकणात आणि गोव्यात हा नियम जून ते सप्टेंबर जवळपास रोजच लागू पडतो. मारणं भागच असेल तर थिनरमध्ये दहाव्या हिश्शाइतका रिटार्डर घाला, म्हणजे तो सावकाश उडेल. झाक आलीच असेल तर घाबरू नका: नुसतं थिनर आणि रिटार्डर यांचा अगदी हलका फवारा वरून दिला की थर पुन्हा ओला होतो, पाणी निघून जातं आणि झाक बहुधा नाहीशी होते.

खरखरीतपणाचं कारण उलटं: रंग मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच हवेत सुकतो. एअरब्रशचं 0.3 मि.मी. नोझल, दाब 15 ते 18 पीएसआय, अंतर 5 ते 7 सें.मी. आणि तामियाच्या अॅक्रिलिकला एक भाग रंग तर एक ते दीड भाग थिनर इथून सुरुवात करा. फवारा पडताक्षणी पृष्ठभाग क्षणभर ओला चमकला पाहिजे. व्हॅलेजो कंपनीच्या रंगात मात्र लॅकर थिनर घालू नका. रंगाचा चिकट गोळा होऊन नोझल तुंबतो.

कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काम संपल्यावर खालच्या झडपेतून काढा आणि पाणी अडवणारा फिल्टर एअरब्रशच्या जवळ लावा. पंखावर मधेच पाण्याचा थेंब उडतो तो नळीत साठलेलाच असतो.

रंगांचे क्रमांकही अनेकांनी विचारले आहेत. तामियात गडद हिरव्याला एक्सएफ-81, पोटाच्या करड्याला एक्सएफ-83, मातकट तपकिरीला एक्सएफ-52 जवळचा. कॉकपिटच्या करड्या-हिरव्याला बरेच जण एक्सएफ-71 वापरतात. जपानी विमानांचा असला तरी तो चांगला जुळतो.

झिजलेलं विमान दाखवायला चंदेरी रंगाचे ओरखडे मारले. स्पर्धेत परीक्षकांनी “अति झालं” म्हटलं. किती मारायचे? (पुणे)

किती याच्या आधी कुठे हा प्रश्न विचारा. रंग निघाला की खाली जे असतं तेच दिसणार, आणि स्पिटफायर सगळीकडून पत्र्याचं नाही. रडर कापडाचा आहे: सांगाड्यावर कापड ताणून त्यावर डोप नावाचा लेप. तिथे चंदेरी ओरखडा म्हणजे सरळ चूक. रोटोल पंख्याची पाती दाबून बनवलेल्या लाकडाची, तेव्हा पात्यांवर चांदी ठिपकवणंही चुकीचं. पात्यांची टोकं पिवळी असतात, 4 इंच, म्हणजे तुमच्या मॉडेलवर 2 मि.मी.पेक्षा किंचित जास्त.

ड्युरालुमिनचा (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) पत्रा जिथे आहे तिथेही झीज माणसांच्या वावराने होते. वैमानिक डाव्या पंखावरून चढतो, कारण कॉकपिटचं दार डाव्या बाजूला आहे. म्हणून डावं मूळ उजव्यापेक्षा जास्त झिजलेलं. इंजिनावरची झाकणं रोज उघडतात, तेव्हा त्यांच्या खिळ्यांभोवती आणि कडांवर रंग उडतो. विंडस्क्रीनच्या पुढे इंधनाच्या टाकीचं तोंड आहे, तिथे थोडा. पंखाच्या पुढच्या कडेला थोडा. पंखाच्या टोकाजवळ कुणी चालत नाही, तिथे जवळपास काही नाही.

ओरखड्याचा आकारही मोजा. 0.5 मि.मी.चा ठिपका म्हणजे खऱ्यावर अडीच सें.मी.चा टवका. बहुतेक ठिपके 0.2 मि.मी.च्या आत हवेत. ब्रशने ते जमत नाही. स्पंजचा हरभऱ्याएवढा तुकडा फाडा (कापू नका, कापलेल्या स्पंजचा सपाट ठसा उमटतो), चिमट्यात धरा, रंगात टेकवा, कागदावर इतका पुसा की आता काहीच उरलं नाही असं वाटेल, आणि मग हलकेच टेकवा. आणखी नैसर्गिक हवं असेल तर अॅल्युमिनियमच्या थरावर हेअरस्प्रेचे दोन हात आणि त्यावर पाण्याने पातळ केलेलं अॅक्रिलिक. तासाभरात ओल्या ब्रशने घासलं की रंग पापुद्र्यासारखा निघतो. इथे लॅकर थिनर वापरलं तर रंग खाली घट्ट रुततो आणि काहीच निघत नाही.

अजून एक विसंगती वरचेवर दिसते: मशीनगनच्या तोंडांवरचे लाल कापडी पट्टे अखंड, आणि पंखाखाली गोळ्यांची ताजी काळी काजळी. गोळी सुटली की पट्टा फाटतो. दोनपैकी एकच दाखवा.

वॉश (खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावायचा पातळ रंग) लावला आणि चाकाचा दांडा आपोआप तुटला! (बेळगाव)

इनॅमल थिनर उघड्या प्लास्टिकमध्ये शिरतं, आणि जिथे प्लास्टिकवर ताण आहे तिथे तडा जातो. दांड्यावर विमानाचं वजन असतंच. ग्लॉसचे दोन पूर्ण हात सुकल्यावरच वॉश लावा, खाचेत टेकवून सोडा, डबकं करू नका आणि वॉश सुकेपर्यंत विमान उलटं ठेवा. तुटलेल्या दांड्यात दोन्हीकडून 0.4 मि.मी.चं भोक पाडून पितळी तार घाला. नुसता सुपर ग्लू टिकणार नाही.

पितळी सीटबेल्ट ताठ उभे राहतात. आणि सीट हिरवी रंगवायची ना? (औरंगाबाद)

पितळ मेणबत्तीच्या ज्योतीत दोन-तीन सेकंद धरून आपोआप थंड होऊ द्या, ते मऊ पडतं. मग टूथपिकने बेल्ट सीटच्या कडेवरून दाबून बसवा. कापड स्वतःच्या वजनाने जसं पडेल तसं. रंगवून आलेले बेल्ट मात्र तापवू नका. पितळेचे भाग कापताना खाली फरशीचा तुकडा घ्या, मऊ मॅटवर ते वाकतात. सीट हिरवी नको: स्पिटफायरची बरीचशी सीट रेझिन दाबून बनवलेली, तांबूस तपकिरी होती. पाठीची गादी काळी.

डिकलखाली चंदेरी चमक दिसते. (नागपूर)

मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो, आणि त्या खड्ड्यांत अडकलेली हवा चमकते. आधी ग्लॉस, चोवीस तास थांबणं, मग डिकल. कोमट पाण्यात 10-15 सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर ठेवा आणि जागेवर मायक्रो सेट (डिकल बसवायचं द्रव) लावून सरकवा. बसल्यावर मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रव). त्याने डिकल सुरकुततो. हात लावू नका, सुकताना तो आपोआप सपाट होतो. तरी चमक राहिली तर सुईने टोचून पुन्हा मायक्रो सोल.

कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) चिकटवल्यावर आतून धुरकट झाली. (वाशी)

सुपर ग्लूची वाफ. पारदर्शक भागांना फेव्हिकॉलच वापरा. आणि चौकटीवर बाहेरचा रंग देण्याआधी कॉकपिटच्या आतला रंग द्या, म्हणजे काचेतून आतली बाजू बरोबर रंगाची दिसते.

लंडनहून बहीण येते आहे. रंग आणि स्प्रे प्रायमर मागवू का? (मुंबई)

किट, डिकल, पितळी भाग, ब्लेड नसलेली हत्यारं मागवा. प्रायमरचा कॅन, लॅकर थिनर आणि इनॅमल ज्वलनशील आहेत. ते विमानात ना हातातल्या बॅगेत चालतात ना सामानात. तामियाच्या अॅक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं, तेही त्यातच. हे इथेच विकत घ्या.

वायरलेसच्या खांबापासून शेपटीपर्यंत तार किती जाड लावू? (सातारा)

लावूच नका. मार्क ८ मध्ये व्हीएचएफ वायरलेस होता आणि त्याला नुसता खांब पुरतो.