७२व्या वर्षी बाबांच्या कानाच्या नसेवरच्या गाठीचं ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना डाव्या बाजूला अकूस्टिक न्यूरोमा, म्हणजे कानाच्या नसेवरची गाठ, निघालाय, २.८ सेंटिमीटरचा. न्यूरोसर्जन ऑपरेशन करा म्हणतात आणि घरातले सगळे ‘ह्या वयात नको’ म्हणतात. ते वाक्य वाचलं आणि लिहायला घेतलं, कारण माझ्या आईला हीच गाठ निघाली तेव्हा आमच्या मामांनी हेच ऐकवून ऐकवून घर डोक्यावर घेतलं होतं. ‘ह्या पिरायेर तकली कित्याक फोडपाची?’ म्हणजे ह्या वयात डोकं कशाला फोडायचं?

वय बघून ह्या गाठीचा निर्णय होत नाही. गाठ किती मोठी आहे, ब्रेनस्टेमवर, म्हणजे मेंदूच्या देठावर, दाब येतोय का, दोन एमआरआयमध्ये वाढलीय का आणि माणसाचं हृदय, साखर, फुप्फुसं भूल सोसण्याजोगी आहेत का, हे बघून होतो. ‘वय झालं’ म्हणणं सोपं असतं, कारण ते म्हणायला रिपोर्ट वाचावा लागत नाही.

माझी आई तेव्हा ७० वर्षांची. गोव्यात फोंड्याजवळच्या गावात राहते. तिला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, फोन नेहमी उजव्याच कानाला. एका डॉक्टरांनी वयामुळे आहे म्हणून सोडून दिलं, चक्कर आली की गोळ्या दिल्या. एकाच कानाचं ऐकू जातंय तर एमआरआय करून बघावा, हे कोणी बोललं नाही. मग चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास, बांधायला ती स्टुलावर चढली आणि सुपारीचा घोस हातात घ्यायचा सोडून दोन्ही हातांनी वाशाला धरून उभी राहिली. हात सोडेना. दरवर्षी सगळी माटोळी एकटी बांधणारी बाई! पुढे डावा गाल बधिर वाटायला लागला, तेव्हा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, दाखवलं. गाठ साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास होती, ब्रेनस्टेम दाबला गेला होता आणि मेंदूतलं पाणी तुंबायला सुरुवात झाली होती.

दुबईतल्या माझ्या भावाचं म्हणणं गॅमा नाइफ करूया, म्हणजे बाहेरून गाठीवर किरण सोडायचे, कापाकापी नको. गॅमा नाइफ चांगलंच आहे, पण त्याने गाठ निघत नाही, वाढायची थांबते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत थोडी सुजूही शकते. साधारण तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठींसाठी ते बघतात. ब्रेनस्टेमवर आधीच दाब असताना ती सूज परवडणारी नव्हती. मामांचं म्हणणं काहीच करू नका. सगळी चर्चा बाहेरच्या सोप्यावर, आणि आई आत भाजी चिरतेय. शेवटी तीच बाहेर आली. ‘तकली म्हजी. म्हाका विचारात.’ डोकं माझं, मला विचारा.

सर्जननी तिला रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. चेहऱ्याची नस गाठीला चिकटून जाते, ती दुखावली तर तोंड वाकडं होऊ शकतं. गेलेलं ऐकू परत येणार नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? ती म्हणाली, मला कोणाचा हात धरून न्हाणीत जायचं नाही. तोंड वाकडं झालं तर होऊ दे.

आणि झालं. नसेवरचा गाठीचा पातळ थर मुद्दाम ठेवूनसुद्धा चेहऱ्याची डावी बाजू ओघळली. डोळा मिटत नव्हता. दिवसभर थेंब, रात्री मलम लावून वर मायक्रोपोरची पट्टी, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. पेज डाव्या कोपऱ्यातून गळायची म्हणून ती उजव्या बाजूने चमच्याने प्यायची. मामा हॉस्पिटलात आले, तोंड बघितलं आणि तिच्यासमोर म्हणाले, ‘मी सांगितलेलं.’

ते मी विसरलेले नाही. जी गोष्ट तिला आधी सांगितली होती, जी तिने स्वतः पत्करली होती, ती झाली म्हणून निर्णय चुकला असं कसं म्हणता? काही महिन्यांनी पापणी मिटायला लागली. हसताना तोंड अजून एका बाजूला जातं, पण ती एकटी देवळात चालत जाते. मामा अजून तोंडाचंच बोलतात.

आता तुमच्या बाबांचं. २.८ म्हणजे अगदी काठावरची गाठ. म्हणून ऑपरेशन आणि गॅमा नाइफ दोन्ही करणाऱ्या ठिकाणी दाखवा. मुंबईला हिंदुजात गॅमा नाइफ आहे. एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. सर्जनना सरळ विचारा: पूर्ण काढणार की नसेजवळचा भाग ठेवणार? ऑपरेशन चालू असताना चेहऱ्याच्या नसेचं मॉनिटरिंग असेल का? वर्षाला अशी ऑपरेशनं किती करता? नंतर तोल सावरायला फिजिओथेरपी लागते आणि उतारवयात वेळ जास्त लागतो, तेव्हा घरी कोण राहणार ते आधीच ठरवा. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड असेल तर त्यात काय बसतं ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या घराला चार लाख अशी मर्यादा आहे.

एक गोष्ट मामांच्या बाजूची आहे, तरी लिहिते. गाठ लहान असेल, त्रास नसेल, तर थांबणं हाही उपचारच आहे. ही गाठ कॅन्सरची नसते, वर्षाला सरासरी एक-दोन मिलिमीटर वाढते आणि कितीतरी गाठी वाढतच नाहीत. सहा महिन्यांनी एमआरआय, मग दरवर्षी. तुमच्या बाबांच्या ब्रेनस्टेमवर दाब आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे. मी डॉक्टर नाही. दुसऱ्या नसेवरची गाठ असेल किंवा दोन्ही कानांना असेल तर हिशेब वेगळा.

बाबा काय म्हणतात, हेही तुमच्या प्रश्नात कुठे नाही. आज संध्याकाळी त्यांना विचारा. आणि जे नातेवाईक ‘ह्या वयात नको’ म्हणतायत, त्यांना ते बाबांच्या समोर बसून बोलायला सांगा.