पणजीचा आमदार: मनोहर पर्रीकरांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी या सदरात लहान राज्यांच्या विधानसभांविषयी लिहिलं होतं. त्यात मनोहर पर्रीकरांचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता आणि बहुतेक पत्रं त्या दोन ओळींवरच आली. सिंधुदुर्ग आणि बेळगावकडून जास्त, पण पुणे, ठाणे आणि दुबईहूनही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

प्रश्न: तुम्ही त्यांना ‘मुळात आमदार’ म्हणालात. जो माणूस चार वेळा मुख्यमंत्री आणि एकदा देशाचा संरक्षणमंत्री झाला, त्याला आमदार म्हणणं म्हणजे कमी लेखणं नाही का?

मला तरी तो मोठेपणा वाटतो. 1991 मध्ये उत्तर गोव्यातून लोकसभेला उभे राहून ते हरले. 1994 मध्ये पणजीतून विधानसभेत गेले आणि त्यानंतर 1999, 2002, 2007, 2012 अशा प्रत्येक निवडणुकीत पणजीनं त्यांनाच निवडून दिलं. दिल्लीतली संरक्षण खात्याची कारकीर्द नोव्हेंबर 2014 ते मार्च 2017, म्हणजे अडीच वर्षांहूनही कमी. तीही राज्यसभेतून, उत्तर प्रदेशच्या कोट्यातून. तिथून ते परत आले आणि ऑगस्ट 2017 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा पणजीचेच आमदार झाले. त्यांचं राजकारण जमलं, फसलं, वादात सापडलं ते सगळं चाळीस जणांच्या एका सभागृहात. हाफ शर्ट आणि चपला या चित्रावर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यांचा खरा हिशेब विधानसभेच्या कामकाजात आहे, आणि मला तो तिथेच मांडायचा आहे.

प्रश्न: गोव्यात भाजपला पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे हा पक्ष स्वबळावर बहुमतापर्यंत कसा गेला? कॅथलिक मतदार एवढे असताना?

आकडे आधी पाहा: 1994 मध्ये 4, 1999 मध्ये 10, 2002 मध्ये 17, 2007 मध्ये 14, 2012 मध्ये 21. पहिले चार म्हणजे पणजीतून पर्रीकर, मडकईतून श्रीपाद नाईक, मडगावातून दिगंबर कामत आणि वाळपईतून नरहरी हळदणकर. ही नावं लक्षात ठेवा, त्यातलं एक पुढे परत येणार आहे.

1994 चे ते चार जण मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, युतीतून आले होते. मगो मोठा भाऊ, भाजप धाकटा. गोव्यातल्या बहुजन हिंदू समाजाचं घर म्हणजे मगो. भाऊसाहेब बांदोडकरांनी खेड्यापाड्यांत मराठी शाळा काढल्या, कुळांना आधार दिला, त्या पुण्याईवर हा पक्ष उभा होता. पर्रीकरांनी त्या घरावर कधी दगड मारला नाही, ते हळूहळू त्यात राहायला गेले. ज्येष्ठ आणि निराधारांना दरमहा पैसे देणारी योजना त्यांनी पहिल्या कारकिर्दीत आणली, तिला नाव दिलं दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. दयानंद म्हणजे बांदोडकर. दुसऱ्या पक्षाच्या संस्थापकाचं नाव आपल्या सरकारच्या सगळ्यात लोकप्रिय योजनेला देणं, यात कृतज्ञता होती आणि राजकारणही होतं. 1999 मध्ये मगो 4 वर आला, 2002 मध्ये 2 वर.

कॅथलिक मतदारांचं उत्तर 2012 मध्ये आहे. त्या वर्षी भाजपच्या चिन्हावर सहा कॅथलिक आमदार आले. म्हापशाचे फ्रान्सिस डिसोझा उपमुख्यमंत्री झाले. काँग्रेस सरकारविरुद्धचा राग, खाणींचा घोटाळा आणि ‘भाई’ (म्हणजे पर्रीकर) हा माणूस कामाचा आहे ही चर्चच्या आवारातही पोहोचलेली भावना, या तिन्हींनी मिळून ते घडलं.

त्या सरकारच्या पहिल्याच अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्य झाला आणि लिटरमागे सुमारे 11 रुपये उतरले. बांदा-सावंतवाडीच्या वाचकांना गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपलीकडे जाऊन टाक्या भरल्याचं आठवत असेल. गृहिणींना दरमहा हजार रुपये देणारी गृहआधार, मुलींना लग्नासाठी एक लाख देणारी लाडली लक्ष्मी याही त्याच काळातल्या. महाराष्ट्रात लाडकी बहीण आली तेव्हा गोव्यातल्या माणसाला त्यात नवीन काही वाटलं नाही, ते यामुळे.

प्रश्न: बहुमत नसताना सरकार बनवण्यात ते पटाईत होते. याला तुम्ही कौशल्य म्हणता की फोडाफोडी?

हा प्रश्न सर्वाधिक लोकांनी विचारला, म्हणून जरा सविस्तर.

ऑक्टोबर 2000 मध्ये मुख्यमंत्री फ्रान्सिस्को सार्दिन ऑस्ट्रेलियाला गेले होते. त्यांचं सरकार भाजपच्याच पाठिंब्यावर चाललं होतं. ते परदेशी असताना पाठिंबा काढला गेला आणि 24 ऑक्टोबरला पर्रीकर पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. काँग्रेसमधून आलेले रवी नाईक उपमुख्यमंत्री झाले. त्या काळी पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना ‘फूट’ म्हणून संरक्षण होतं. लहान विधानसभेत एक तृतीयांश म्हणजे मूठभर माणसं. गोव्यात सरकारं अशी पत्त्यांसारखी का पडत होती, याचं कारण निम्मं तरी या कलमात आहे.

2003 मध्ये 91 वी घटनादुरुस्ती झाली. एक तृतीयांशची पळवाट बंद झाली आणि मंत्रिमंडळावरही मर्यादा आली. गोव्यासारख्या राज्यात जास्तीत जास्त बारा मंत्री. आता मूठभरांनी फुटायचं तर राजीनामा देऊन पुन्हा निवडून यायचं, हा नवा रस्ता निघाला आणि त्याचा पहिला फटका पर्रीकरांनाच बसला. जानेवारी 2005 मध्ये भाजपच्या चार आमदारांनी राजीनामे दिले. 2 फेब्रुवारीला विश्वासदर्शक ठराव आला. सभापती विश्वास सतरकर यांनी (गोव्यात विधानसभेच्या अध्यक्षांना सभापती म्हणतात) एका अपक्ष आमदाराला सभागृहाबाहेर काढलं, मग मतदान झालं आणि सरकार तरलं. त्याच दिवशी राज्यपाल एस. सी. जमीर यांनी ते सरकार बरखास्त करून प्रतापसिंह राणे यांना शपथ दिली. तेही सरकार महिनाभरात गेलं आणि राष्ट्रपती राजवट लागली.

माझं मत स्पष्ट आहे: त्या दिवशी दोन्ही बाजू चुकल्या. विरोधी आमदाराला बाहेर काढून जिंकलेलं मत हे मत नव्हे. आणि सभागृहात जिंकलेलं सरकार त्याच दिवशी राजभवनातून काढणं हीही लोकशाही नव्हे. पर्रीकरांविषयी आदर असणाऱ्यांनी पहिलं वाक्य टाळू नये, त्यांच्या विरोधकांनी दुसरं.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव. 2005 मध्ये भाजप सोडून काँग्रेसमध्ये गेलेले दिगंबर कामत 2007 मध्ये काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले आणि पर्रीकर त्यांच्यासमोर विरोधी पक्षनेते म्हणून बसले. 1994 ला दोघे पक्षाच्या पहिल्या चार आमदारांत. 2022 मध्ये कामत पुन्हा भाजपमध्ये आले, तेव्हा पर्रीकर हयात नव्हते.

2017 चं गणित तर अजून ताजं आहे. काँग्रेस 17, भाजप 13, मगो 3, गोवा फॉरवर्ड 3, अपक्ष 3, राष्ट्रवादी 1. निकाल 11 मार्चला लागला. काँग्रेसचे लोक नेता कोण यावर बोलत बसले. पर्रीकरांनी दुसऱ्याच दिवशी राज्यपाल मृदुला सिन्हा यांच्यापुढे बहुमताचा दावा केला. प्रचारात भाजपवर तुटून पडलेल्या गोवा फॉरवर्डची अट एकच होती: पर्रीकर दिल्लीहून परत आले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयानं शपथविधी थांबवला नाही, पण 16 मार्चला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. ठराव 22 विरुद्ध 16 नं जिंकला. हे कायद्यात बसतं. पण ज्या मतदारानं भाजपला हरवायला गोवा फॉरवर्डचं बटण दाबलं, त्याला काय सांगायचं? याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

प्रश्न: मराठी-कोंकणी शाळांच्या बाबतीत त्यांनी शब्द फिरवला, असं माझे गोव्यातले नातेवाईक म्हणतात. खरं काय?

खरं आहे, आणि हे लिहिताना मला त्रास होतो. माझी आत्या पेडण्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची. निवृत्तीच्या वर्षी तिच्या चौथीच्या वर्गात सात मुलं होती. हजेरी घ्यायला अर्धं मिनिट पुरतं, म्हणायची. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी कागदावरचा नाही.

1990 च्या सुमारास, शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना, सरकारी अनुदान फक्त मराठी आणि कोंकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच, असं धोरण ठरलं. मराठीवादी आणि कोंकणीवादी एरवी एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण प्राथमिक शिक्षण मातृभाषेत हवं यावर त्यांचं एकमत होतं. 2011 मध्ये कामत सरकारनं इंग्रजी शाळांनाही अनुदान दिलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला आणि भाजप त्यात खांद्याला खांदा लावून होता. 2012 चा विजय या आंदोलनाच्याही जिवावर मिळाला. सत्तेवर आल्यावर पर्रीकरांनी अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालू ठेवलं.

का, ते उघड आहे. सहा कॅथलिक आमदार आणि त्यांच्यामागचा मतदार. ज्या युतीनं सरकार आणलं तीच युती शब्द पाळू देत नव्हती. राज्यकर्ता म्हणून ती अडचण मला समजते. पण मग 2011 च्या सभांमध्ये ती का दिसली नाही? संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर हे पर्रीकरांसारखेच संघाच्या मुशीतले. त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. ऑगस्ट 2016 मध्ये त्यांना पदावरून दूर केलं गेलं, त्यांनी गोवा सुरक्षा मंच काढून 2017 ची निवडणूक लढवली. एकही जागा आली नाही. मतपेटीनं तो विषय मिटवला असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद होते, आणि ती बंद झाल्याचा निकाल कुठल्याच निवडणुकीत लागत नाही.

प्रश्न: खाणी बंद त्यांनी केल्या की त्यांच्यामुळे बंद झाल्या?

विरोधी पक्षात असताना, सरकारी हिशेब तपासणाऱ्या विधानसभेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष म्हणून 2011 मध्ये त्यांनी बेकायदा खाणकामावर अहवाल तयार केला. आमदार म्हणून त्यांचं सर्वोत्तम काम मी यालाच मानतो. सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, सुमारे 35 हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज त्यात होता. पर्रीकर सरकारनं लगेच खाणकाम स्थगित केलं आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. 2014 मध्ये न्यायालयानं वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, पण खाणींचे जुने भाडेपट्टे 2007 लाच संपले होते असंही सांगितलं. तरीही 88 पट्ट्यांचं नूतनीकरण झालं, बहुतेक, पर्रीकर दिल्लीत गेल्यावर लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री असताना. लिलाव झाला नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयानं ती सगळी नूतनीकरणं रद्द केली. डिचोली-सांग्याचे ट्रक पुन्हा उभे राहिले ते त्यामुळे. ज्यानं अहवाल लिहिला त्याच्या पक्षानं लिलावाचा आग्रह का धरला नाही, हे खाणपट्ट्यातले लोक विचारतात, आणि बरोबर विचारतात.

प्रश्न: त्यांना परंपरावादी म्हणावं का?

संस्कारानं होय. म्हापशात पंचविशीतच संघचालक झालेले. पण 2017 मध्ये गोमांसाचा तुटवडा पडू देणार नाही, लागलं तर बेळगावहून आणू, असं हेच मुख्यमंत्री विधानसभेत सांगत होते. गोव्यात वेगळं बोलून सरकार चालत नाही.

प्रश्न: आजारपणात त्यांनी पद सोडायला हवं होतं का?

30 जानेवारी 2019. पर्वरीचं विधानसभेचं सभागृह. अर्थखातं मुख्यमंत्र्यांकडेच, म्हणून अर्थसंकल्प त्यांनीच मांडला. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. सविस्तर भाषण परिस्थितीमुळे शक्य नाही, पण जोश भरपूर आहे आणि मी पूर्ण होशमध्ये आहे, असं त्यांनी सभापतींना सांगितलं. ते दृश्य पाहून विरोधी बाकांवरही कुणाला बोलवलं नसेल. पण फेब्रुवारी 2018 पासून सरकार मुंबई, अमेरिका आणि दिल्लीतल्या रुग्णालयांच्या तारखांवर चाललं होतं. त्यांनी सोडायला हवं होतं, असं मी तेव्हाही लिहिलं होतं. आघाडी त्यांच्या एकट्याच्या नावावर टिकून होती, म्हणून पक्षानं त्यांना सोडू दिलं नाही, असा माझा समज आहे. 17 मार्चला ते गेले. 19 मार्चला पहाटे दीड-दोनच्या सुमारास प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला.

प्रश्न: आता पणजी कुणाकडे आहे?

मे 2019 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबूश मोन्सेरात जिंकले आणि दोनच महिन्यांत काँग्रेसच्या दहा आमदारांच्या गटातून भाजपमध्ये आले. म्हणून 2022 मध्ये भाजपचं तिकीट त्यांना मिळालं, पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल यांना नाही. उत्पल अपक्ष उभे राहिले आणि 716 मतांनी हरले.