वाचकांचे प्रश्न : हायब्रिड मोटारीची घरच्या घरी निगा

प्रश्न : आमची हायब्रिड मोटार तीन वर्षांची आहे. आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. एप्रिलपासून मागच्या सीटच्या बाजूने पंख्याचा मोठा आवाज येऊ लागला असून मायलेजही उतरले आहे. जवळच्या गॅरेजमध्ये दाखवले असता, "मोठी बॅटरी गेली, बदलावी लागेल" असे सांगण्यात आले. त्याआधी घरी काही करून पाहता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अवश्य करून पाहावे, आणि बॅटरी बदलण्याचा निर्णय तूर्त मुळीच घेऊ नये. तुम्ही सांगता ती लक्षणे बॅटरी निकामी झाल्याची असण्याआधी तिला हवा मिळत नसल्याची असू शकतात. बऱ्याच हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या, मोटारींत मोठ्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी एक पंखा गाडीच्या आतलीच हवा खेचून घेतो, आणि ती हवा सीटच्या खाली किंवा बाजूला असलेल्या एका लहानशा जाळीतून जाते. ही जाळी धुळीने बुजली की तेवढीच हवा ओढण्यासाठी पंखा जोरात फिरू लागतो, तरीही बॅटरी तापतेच, आणि तापलेल्या बॅटरीला वाचवण्यासाठी गाडीचा संगणक तिचा वापर कमी करून इंजिन अधिक वेळ चालवतो. मायलेज उतरते ते इथे. मेट्रोचे काम सुरू झाल्यापासून घोडबंदर रस्त्यावर किती धूळ असते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

माझ्या स्वतःच्या गाडीची जाळी मी पहिल्यांदा उघडली तेव्हा आतल्या फिल्टरवर करड्या धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. बोटाने कड उचलताच तो अखंड सुटून आला. त्यात सीटकव्हरचे धागे होते, आमच्या कुत्र्याचे केस होते आणि बिस्किटाच्या पुड्याचा एक तुकडाही होता. गाडी बाहेरून दर रविवारी धुतली जात होती, पण ही जागा कोणी पाहिलीच नव्हती.

काम सोपे आहे. गाडी पूर्ण बंद करावी, मालकाच्या पुस्तिकेत जाळीची जागा पाहावी, मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने बाहेरून धूळ ओढून घ्यावी आणि फिल्टर काढता येण्यासारखा असेल तर पुस्तिकेप्रमाणे काढून झटकावा. पाण्याने धुतला तर तो पूर्ण सुकल्याशिवाय परत बसवू नये. कॉम्प्रेसरच्या हवेचा जोराचा झोत जाळीतून आत मारू नये, कारण त्याने धूळ बाहेर न येता थेट बॅटरीपर्यंत पोहोचते. यापुढे त्या जाळीवर पिशवी, चादर किंवा मुलांचे दप्तर ठेवू नये.

आणखी एक सवय तपासून पाहा. कापूरबावडीच्या कोंडीत गाडी न्यूट्रलमध्ये टाकून थांबण्याची आपल्याला जुनी सवय असते, पण हायब्रिड गाडीत न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही, एसी मात्र तिच्यावरच चालत राहतो. म्हणून गाडी 'डी'मध्येच (ड्राइव्ह) ठेवून ब्रेक दाबून थांबावे.

जाळीच्या पलीकडे मात्र हात घालू नये. नारिंगी रंगाच्या जाड केबली जिथे दिसतील तिथे आपले काम संपले असे समजावे. त्यांतून जाणारा वीजदाब दीडशे व्होल्टच्या वर असतो आणि गाडी बंद केल्यानंतरही इन्व्हर्टरमधल्या (बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या यंत्रातल्या), वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तो काही मिनिटे टिकून राहतो. सफाईनंतरही पंख्याचा आवाज राहिला किंवा इशाऱ्याचा दिवा लागला, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीची संगणकीय तपासणी करून लेखी अहवाल मागावा. त्याआधी वॉरंटीचे कागदही काढून वाचावेत : उदाहरणार्थ, टोयोटाने भारतात हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतील जे आधी पूर्ण होईल तिथवर, वॉरंटी दिलेली आहे. तीन वर्षांच्या गाडीची बॅटरी स्वखर्चाने बदलायला निघण्यापूर्वी एवढी चौकशी व्हायलाच हवी.

प्रश्न : आम्ही दोघे दीड महिना मुलाकडे परदेशी होतो. परत आलो तर बेसमेंटमधली हायब्रिड मोटार सुरूच होईना. एवढी मोठी बॅटरी असताना असे का व्हावे? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : कारण गाडीला जागे करण्याचे काम मोठ्या बॅटरीकडे नसून नेहमीच्या लहान १२ व्होल्टच्या बॅटरीकडे असते. गाडीतले संगणक तिच्यावर चालतात आणि मोठ्या बॅटरीला यंत्रणेशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विचही, तीच जोडून देते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही हाताशी येत नाही.

व्होल्टमीटर असल्यास गाडी काही तास बंद राहिल्यानंतर मोजून पाहावे : साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२च्या आसपास म्हणजे अर्धी रिकामी. पुढच्या वेळी बाहेरगावी जाताना सोसायटीतल्या विश्वासू माणसाला दर पंधरवड्याला गाडी 'रेडी' दिवा लागेपर्यंत सुरू करून अर्धा ते पाऊण तास ठेवायला सांगावे. गाडी सुरू न करता नुसते ॲक्सेसरीवर (फक्त रेडिओ वगैरे चालणाऱ्या स्थितीत) ठेवले तर बॅटरी भरण्याऐवजी अधिकच उतरते. 'रेडी'मध्ये इंजिन आपोआप सुरू होते, त्यामुळे हे बंदिस्त बेसमेंटमध्ये न करता गाडी वर मोकळ्यावर आणून करावे. दुसरी स्मार्ट किल्ली गाडीच्या कप्प्यात ठेवून देण्याची पद्धतही सोडावी, कारण किल्ली जवळ असली की गाडी तिच्याशी संदेशांची देवघेव करत राहते.

दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करायची वेळ आली, तर धन-ऋण टोके दोनदा तपासावीत. उलटी जोडणी झाली तर महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देण्यास मात्र नम्रपणे नकार द्यावा. ही १२ व्होल्टची बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल, तर नवी बसवताना त्याच प्रकारची घ्यावी आणि वायू बाहेर नेणारी बारीक नळी पुन्हा जोडली गेली आहे ना, हे स्वतः वाकून पाहावे.

प्रश्न : ऐरोलीत खाडीजवळ राहतो. पावसाळ्यात सकाळी ब्रेकचा कर्कश आवाज येतो. पॅड बदलावेत का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : लगेच नको. हायब्रिड गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम विजेची मोटर करते आणि त्यातून वीजही निर्माण होते, त्यामुळे पॅड कमी झिजतात. पण डिस्कला घर्षण कमी मिळाल्याने खाडीच्या दमट, खारट हवेत तिच्यावर गंज लवकर चढतो. चाकाच्या फटीतून टॉर्च धरून पाहिल्यास तांबूस पापुद्रा दिसेल. रस्ता मोकळा आणि मागे वाहन नसताना चार-पाच वेळा नेहमीपेक्षा जोरात ब्रेक दाबले की तो बहुधा निघून जातो. तरीही आवाज राहिला, किंवा डिस्कवर हाताला लागतील असे खड्डे पडले असतील, तर चाक उतरवून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्या आहेत का हे गॅरेजमध्ये पाहून घ्यावे, आणि ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षे झाली असतील तर तेही त्याच वेळी बदलून घ्यावे.