४०एक्सला कंडेन्सरचा डायफ्रॅम किती उघडा ठेवायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: जुना बायनॉक्युलर मायक्रोस्कोप घेतलाय, १०एक्सला (दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सला) चित्र छान दिसतं, ४०एक्सला डायफ्रॅम (नमुन्याखाली प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाचा, म्हणजे कंडेन्सरचा, उघड-बंद होणारा पडदा) पूर्ण उघडला की सगळं पांढरं फटक होतं आणि बंद करत गेलं की पेशींभोवती काळ्या कडा येतात. कॉलेजात सांगितलं होतं, "उजेड जास्त वाटला तर डायफ्रॅम बंद करा." मग नेमकं किती?

कॉलेजातला तो सल्ला आधी बाजूला ठेवा. आपल्याकडच्या निम्म्या प्रयोगशाळांत तो पिढ्यानपिढ्या चालत आलाय आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. उजेड कमी-जास्त करायला दिव्याचं बटण आहे. बटण नसेल तर फिल्टर होल्डरमध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा ठेवा. डायफ्रॅम हलवला की उजेड बदलतो खरा, पण मुळात बदलतो तो नमुन्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या शंकूचा कोन. मायक्रोस्कोप किती बारीक तपशील वेगळा दाखवणार, हे या कोनावर निम्मं अवलंबून असतं.

निम्मं म्हणजे अक्षरशः निम्मं. दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात किमान किती अंतर हवं, याच्या सूत्रात छेदस्थानी ऑब्जेक्टिव्हचा (नमुन्याजवळच्या लेन्सचा) एनए (न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे प्रकाशाचा किती रुंद शंकू सामावतो त्याचा आकडा) आणि कंडेन्सरचा एनए यांची बेरीज असते. तुमचं ४०एक्स ०.६५ एनएचं असणार. कंडेन्सरही ०.६५ला असेल तर हिरव्या प्रकाशात हे अंतर साधारण ०.५२ मायक्रॉन येतं. डायफ्रॅम दाबून कंडेन्सर ०.२वर आणला की तेच ०.८ मायक्रॉनच्या घरात जातं. पैसे ४०एक्सचे मोजले आणि तपशील स्वस्तातल्या लेन्सचा मिळाला, असा हा प्रकार. वर त्या काळ्या-पांढऱ्या कडा. त्या पेशीच्या नाहीत, विवर्तनाने (प्रकाश कडांशी वळल्याने) तयार होतात. नवशिक्याला त्या 'शार्प' वाटतात, तिथेच फसगत होते.

मग पूर्ण उघडा का ठेवत नाही? कारण तेव्हा कॉन्ट्रास्ट जातो आणि साध्या ऑब्जेक्टिव्हच्या कडेकडचे दोषही चित्रात उतरतात. म्हणून ऑब्जेक्टिव्हच्या एनएच्या ७० ते ८० टक्के ही मधली जागा धरतात.

ती जागा शोधायला आकडे लागत नाहीत. १०एक्सवर स्लाइड फोकस करा. कंडेन्सर जवळजवळ वरपर्यंत न्या. खालच्या दिव्याच्या काचेवर पेन्सिलचं टोक धरा आणि कंडेन्सर हळूहळू खाली-वर करा. टोकाची सावली नमुन्याबरोबरच स्पष्ट दिसली की उंची बरोबर आहे. (तुमच्या मायक्रोस्कोपच्या तळाला दुसरा, फील्ड डायफ्रॅम असेल तर पेन्सिलऐवजी त्याचीच कड फोकस करून मध्यभागी आणा. जर्मन संशोधक ऑगस्ट कोलरने १८९३ मध्ये मांडलेली पद्धत ती हीच.) आता ४०एक्स लावा, फोकस करा आणि एक आयपीस (डोळ्याकडची लेन्स) काढून नळीत सरळ वरून बघा. तळाशी एक उजळ चकती दिसेल. डायफ्रॅमची दांडी फिरवलीत की चकतीच्या कडेने काळी झालर आत सरकताना दिसेल. चकतीच्या व्यासाचा साधारण पाव ते पाचवा हिस्सा झाकला गेला की थांबा. आयपीस लगेच परत बसवा, नळीत धूळ जाते.

ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करायचं. कंडेन्सरच्या कड्यावर एनएचे आकडे कोरलेले असतील तर एकदा जुळवून ठेवा: ०.२५च्या १०एक्सला ०.२च्या आसपास, ०.६५च्या ४०एक्सला ०.५, १.२५च्या १००एक्सला ०.९ ते १. काही कंडेन्सरवर नुसतं ४, १०, ४०, १०० लिहिलेलं असतं. त्याला सुरुवात समजा, नळीत बघणं टाळू नका. ४एक्सला दिसणाऱ्या वर्तुळाच्या कडा काळ्या दिसल्या तर तेवढ्यापुरता कंडेन्सर खाली घेतला तरी चालतो.

आता नमुना काय आहे ते बघायला हवं, कारण ७०-८० टक्क्यांचा नियम इथे वाकतो. रंगवलेल्या स्मिअरला (काचेवर पसरवलेल्या पातळ थराला) कॉन्ट्रास्ट रंगातूनच मिळतो, त्यामुळे डायफ्रॅम निःसंकोच उघडायचा. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८७८ मध्ये जखमांतल्या संसर्गावर लिहिताना हेच वापरलं होतं: ॲबेचा कंडेन्सर पूर्ण उघडला की ऊतींच्या बाह्यरेषा विरून जातात आणि रंगवलेले जंतू तेवढे उठून दिसतात. झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या थुंकीच्या स्लाइडवर क्षयाचे दंडाणू शोधताना आजही तेच लागू आहे. दंडाणूची जाडी जेमतेम ०.२ ते ०.५ मायक्रॉन, तिथे डायफ्रॅम दाबून बसणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. लीशमन रंगाने रंगवलेल्या रक्ताच्या स्मिअरचंही तसंच. एक अपवाद उपयोगी आहे: तांबड्या पेशीवरचा ठिपका परजीवी आहे की रंगाचा कण किंवा पाण्याचा डाग, अशी शंका आली तर डायफ्रॅम क्षणभर बंद करून बघा. डाग चमकू लागतो. बघून झालं की परत उघडा.

न रंगवलेल्या नमुन्याचं उलटं. लघवीतले हायलाइन कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार होणारे नळीसारखे साचे) जवळपास द्रवासारखेच पारदर्शक असतात. डायफ्रॅम उघडा ठेवलात तर ते समोर असून दिसणार नाहीत. तिथे निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही बंद करा, तपशिलाचा तोटा जाणूनबुजून सोसा. हँगिंग ड्रॉपमध्ये (काचेला लटकवलेल्या थेंबात) जंतूंची हालचाल, डबक्याच्या पाण्यातले पॅरामिशियम, हेही याच गटातले. मात्र छंद म्हणून बघत असाल तर मी आणखी बंद करण्याऐवजी फिल्टर होल्डरमध्ये काळ्या कार्डाचा तुकडा अर्ध्यावर सरकवेन. प्रकाश तिरका पडतो, सिलियांना (पेशीवरच्या बारीक केसांना) उठाव येतो आणि खर्च शून्य. फार बंद केलंत तर तुमच्याच डोळ्यातली तरंगणारी जाळी-धागे दिसायला लागतात. ते दिसले की समजा, मर्यादा ओलांडली.

तुमच्या पांढऱ्या फटक चित्राबद्दल मात्र मला दुसरीच शंका आहे. दिवा कमी करून, डायफ्रॅम नीट लावूनही ४०एक्स धुरकट राहिलं तर दोष तिथे नाही. जुन्या मायक्रोस्कोपमध्ये बहुतेक वेळा १००एक्सचं तेल ४०एक्सच्या लेन्सला लागून वाळलेलं असतं, कारण तेल न पुसता कोणीतरी नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती) उलटं फिरवलेलं असतं. लेन्स पेपरला थोडं लेन्स क्लीनर लावून पुसा. दुसरं कारण कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच). ४०एक्स सहसा ०.१७ मिमी काचेसाठी बनवलेलं असतं, त्यामुळे उघड्या स्मिअरवर चित्र मऊ येणारच. तिसरं, स्लाइड उलटी ठेवली नाही ना, हेही बघा. हसू नका, होतं असं. १००एक्सला चित्र खराब आलं तर आयपीस काढून तीच चकती परत बघा. तेलात बुडबुडा असेल तर तो चकतीत काळा गोल होऊन दिसतो.

कंडेन्सरवर एनए किती लिहिलाय तेवढं कळवा. ०.९ असेल तर १००एक्सला डायफ्रॅम पूर्ण उघडून सोडून द्या, त्यापुढे जायला जागाच नाही. १.२५ असला तरी कंडेन्सर आणि स्लाइड यांच्यामध्ये हवा असेपर्यंत १च्या वर काही मिळत नाही. तिथेही तेलाचा थेंब टाकला तरच पुढचा आकडा कामाला येतो, आणि रोजच्या तपासणीसाठी तेवढी चिकचिक कोणी करत नाही.