2018 साली फेरारीने विजेतेपद वेटेलच्या चुकांमुळे गमावले की संघातील नेतृत्वबदलांमुळे?

आपण विचारले आहे की 2018 सालच्या फॉर्म्युला वन मोटार शर्यतींत गाडी वेगवान असूनही फेरारी संघाचा चालक सेबॅस्टियन वेटेल इतक्या वेळा का चुकला, आणि संघात वरचेवर होणाऱ्या नेतृत्वबदलांशी त्या चुकांचा संबंध जोडता येतो का. माझे मत असे आहे की चुका वेटेलच्याच होत्या आणि त्यांचे खापर अध्यक्षांच्या किंवा संघप्रमुखांच्या माथी फोडता येणार नाही. मात्र चूक होण्याआधी आणि झाल्यानंतर संघाने काय केले, याचा जाब नेतृत्वालाच विचारावा लागतो. फेरारीचा जुना विजेता चालक शूमाकर याच्या काळापासून मी फेरारीचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या लिखाणात कुठे तक्रारीचा सूर लागलाच तर तो घरच्या माणसाचा समजावा.

प्रथम तारखा पाहू, कारण नेमके तिथेच अनेकांचे गणित चुकते. एप्रिलमध्ये बाकूच्या शर्यतीत सेफ्टी कार (धोक्याच्या वेळी सर्वांचा वेग आवरण्यासाठी पुढे चालणारी गाडी) बाजूला झाल्याबरोबर वेटेलने प्रतिस्पर्धी मर्सिडीज संघाच्या बोटासला ओलांडण्याची घाई केली, त्याची चाके लॉक झाली आणि गाडी सरळ पुढे गेली. जूनमध्ये फ्रान्समध्ये पहिल्याच वळणावर तो बोटासवर आदळला आणि त्याला पाच सेकंदांची शिक्षा झाली. या दोन्ही वेळी अध्यक्ष सर्जिओ मार्किओने आणि संघप्रमुख मॉरिझिओ अरिवाबेने आपापल्या जागी होते. मार्किओने यांची प्रकृती खालावल्यामुळे जॉन एल्कान यांना अध्यक्ष आणि लुई कामिलेरी यांना मुख्य कार्यकारी अधिकारी नेमल्याची घोषणा 21 जुलैला झाली, जर्मनीतल्या हॉकेनहाइमची शर्यत 22 जुलैला झाली आणि 25 जुलैला मार्किओने यांचे निधन झाले. म्हणजे चुकांची मालिका नेतृत्वबदलाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि आदल्या दिवशीच्या घोषणेमुळे दुसऱ्या दिवशी चालकाने ब्रेक उशिरा दाबला, असे म्हणणे मला तरी ओढूनताणून आणलेले वाटते.

हॉकेनहाइमचा प्रसंग मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. वेटेल जवळच्याच हेपेनहाइमचा, त्यामुळे शर्यत जवळपास घरच्या अंगणातली. पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, त्याची, आघाडीही त्याची, आणि विजेतेपदासाठी त्याच्याशी झुंजणाऱ्या मर्सिडीजच्या हॅमिल्टनने चौदाव्या स्थानावरून सुरुवात केलेली. 67 पैकी 52व्या फेरीत पावसाचा हलका शिडकावा सुरू असताना झाक्स वळणावर त्याच्या हातून ब्रेक किंचित उशिरा लागला, गाडी न वळता तशीच पुढे घसरली, खडीचा पट्टा ओलांडून कठड्याला हळूच जाऊन टेकली आणि तो स्टीअरिंगवर मुठी आपटत राहिला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजत आले होते आणि आमच्या घरी जेवणाची ताटे घेतली जात होती. माझे ताट त्या दिवशी बराच वेळ तसेच पडून राहिले. त्या क्षणापर्यंत वेटेल एकूण गुणांत 8 गुणांनी पुढे होता. तो जिंकला असता आणि हॅमिल्टन अगदी दुसरा आला असता तरी ती आघाडी 15 झाली असती. प्रत्यक्षात हॅमिल्टन जिंकला आणि वेटेल 17 गुणांनी मागे पडला. एका वळणावर 32 गुणांचा फरक पडला. हंगामाच्या शेवटी हॅमिल्टनचे 408 आणि वेटेलचे 320 गुण होते, म्हणजे 88 गुणांच्या अंतरापैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग त्या खडीत रुतलेला आहे.

पण त्याच शर्यतीत, या घसरण्याच्या काही फेऱ्या आधी, रेडिओवर जे घडले त्याची चर्चा फारशी होत नाही, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. टायर बदलण्याची रणनीती वेगळी असल्यामुळे फेरारीचाच दुसरा चालक किमी रायकोनेन वेटेलच्या पुढे आला होता, आणि त्याच्यामागे अडकून आपले टायर खराब होत आहेत, अशी तक्रार वेटेल करत होता. रायकोनेनला संघाकडून जो निरोप गेला तो इतका आडवळणाचा होता, की मी वाट सोडावी अशी तुमची इच्छा असेल तर तसे सरळ सांगा, असे शेवटी त्यालाच म्हणावे लागले. याच हॉकेनहाइमला 2010 मध्ये आपल्या मासा या चालकाला असाच सांकेतिक निरोप देऊन दुसऱ्या चालकाला, अलोन्सोला, पुढे काढल्याबद्दल फेरारीला एक लाख डॉलरचा दंड झाला होता. परंतु अशा संघादेशांवरील (सहकाऱ्याला वाट देण्याच्या आदेशांवरील) बंदी 2011 पासून उठलेली असताना, आठ वर्षांनी पुन्हा त्याच धावपट्टीवर आडपडदा ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. उलट मर्सिडीजने त्याच दिवशी, ताज्या टायरांवर हॅमिल्टनवर चढाई करणाऱ्या बोटासला जागा धरून राहण्याचा आदेश रेडिओवर स्पष्ट शब्दांत दिला. आपल्याला बोटासबद्दल वाईट वाटू शकते, पण गोंधळ कोणाच्याही मनात राहिला नाही.

इटलीतल्या मोंझाला तेच पुन्हा घडले. घरच्या शर्यतीत फेरारीच्या दोन्ही गाड्या पहिल्या रांगेत होत्या, त्यात पोल पोझिशन रायकोनेनची, आणि विजेतेपदाच्या शर्यतीत असलेला वेटेल दुसऱ्या जागेवर. पहिल्या फेरीत आपला मित्र कोण आणि शत्रू कोण हे ठरलेले नसल्यामुळे वेटेल आपल्याच सहकाऱ्यावर चाल करून गेला, आणि ते साधत नाही तोच हॅमिल्टन बाजूने आला. दोघांची धडक झाली आणि फिरली ती वेटेलची गाडी. धडक ही वेटेलची चूक, हे मी मान्य करतो. पण तो ज्या पेचात सापडला, तो पेच शनिवारी रात्री बैठकीत सोडवायचा असतो आणि तो सोडवणे हे संघप्रमुखाचे काम असते. रायकोनेनला पुढच्या वर्षी ठेवले जाणार नाही, हे मोंझानंतर अवघ्या नऊ दिवसांनी जाहीर झाले. अशा चालकाकडून त्यागाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची, हाही प्रश्न होताच. जपानमधल्या सुझुकाला तर पात्रता फेरीच्या शेवटच्या टप्प्यात कोरड्या धावपट्टीवर ओल्या हवामानाचे टायर लावून गाड्या बाहेर पाठवल्या गेल्या, आणि त्यानंतर अरिवाबेने यांनी आपल्याच माणसांना जाहीरपणे सुनावले. दुसऱ्या दिवशी वेटेल मागून वर येण्याच्या घाईत रेड बुल संघाच्या वेर्स्टापेनला धडकला. या साखळीतला शेवटचा दुवा चालकाचा आहे, परंतु पहिला नव्हे.

इथे फेरारीचे जुने संघप्रमुख जाँ टॉड यांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. ते 1993 मध्ये फेरारीत आले आणि चालकांचे विजेतेपद 2000 साली मिळाले. मधल्या वर्षांत शूमाकर काही कमी चुकला नाही: 1997 मध्ये खेरेसला त्याने प्रतिस्पर्धी विलन्यूव्हला धडक दिली आणि त्याचे त्या हंगामातले दुसरे स्थानही काढून घेण्यात आले, 1998 मध्ये सुझुकाच्या निर्णायक शर्यतीत पोल पोझिशनवर त्याची गाडी बंद पडली आणि त्याला सर्वांत मागून सुरुवात करावी लागली. तरीही फेरारीचे तेव्हाचे अध्यक्ष मोंटेझेमोलो यांनी टॉड यांना हलवले नाही आणि टॉड यांनी शूमाकरच्या डोक्यावरचे छत्र काढून घेतले नाही. त्यानंतर 2008 पासून आजवर डोमेनिकाली, मात्तियाची, अरिवाबेने, बिनोत्तो आणि वासर असे पाच संघप्रमुख झाले. एकट्या 2014 मध्ये तिघांनी ती खुर्ची पाहिली. मर्सिडीजमध्ये टोटो वोल्फ 2013 पासून एकाच जागी आहेत.

एवढ्यावरून स्थैर्य म्हणजे यश, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण 2025 चे रेड बुल तो मोह मोडून काढते. क्रिश्चन हॉर्नर तिथे 2005 पासून प्रमुख होते, आणि वेर्स्टापेनची त्या वर्षातली सर्वांत महागडी चूक त्यांच्याच कारकिर्दीत घडली: बार्सिलोनाला रागाच्या भरात तो मर्सिडीजच्या रसेलवर आदळला आणि शिक्षेमुळे पाचव्यावरून दहाव्या स्थानी गेला, म्हणजे 9 गुण हातचे गेले. जुलैमध्ये हॉर्नर यांना दूर करून लोराँ मेकीस यांना आणले गेले. पुढे ऑगस्टअखेर आघाडीवरच्या पियास्ट्रीपेक्षा 104 गुणांनी मागे असलेला वेर्स्टापेन वर्षअखेर विजेत्या नॉरिसपेक्षा फक्त 2 गुणांनी मागे राहिला. म्हणजे प्रमुख बदलल्याने चालक बिथरतोच असे नाही. बदल कशासाठी केला आणि नव्या माणसाला काय ठरवण्याची मुभा दिली, यावर बरेच अवलंबून असते.

फेरारीत घोडे पेंड खाते ते नेमके इथेच, कारण चूक चालकाची असो, यंत्राची असो वा रणनीतीची, तिथे हलते ती एकच खुर्ची. जानेवारी 2019 मध्ये अरिवाबेने गेले, तेव्हा आधीच्या हंगामात चालकाच्या चुकांचा वाटा मोठा होता. नोव्हेंबर 2022 मध्ये बिनोत्तो यांनी राजीनामा दिला, तेव्हा तसे नव्हते. त्या वर्षी फ्रान्समध्ये आघाडीवर असताना फेरारीचा चालक लेक्लेर कठड्यावर आदळला, आणि त्याने स्वतःच प्रांजळपणे हिशेब मांडला की इथले 25 आणि इमोलातले 7 असे 32 गुण आपल्या चुकांमुळे गेले. वेर्स्टापेनपेक्षा तो अखेरीस 146 गुणांनी मागे होता. बाकीचे गुण स्पेन व बाकूत आघाडीवर असताना बंद पडलेल्या इंजिनांत, मोनॅकोतल्या गोंधळात आणि हंगेरीत लावलेल्या कडक टायरांत शोधावे लागतात. दोन अगदी वेगळ्या दुखण्यांवर एकच औषध दिले गेले.

वासर यांच्या बाबतीत मात्र थोडे निराळे घडले. 2024 मध्ये फेरारी सांघिक विजेतेपदापासून 14 गुणांनी दूर राहिली, 2025 मध्ये तर एकही ग्रां प्री जिंकता आली नाही, आणि तरीही त्याच वर्षी 31 जुलैला त्यांचा करार वाढवण्यात आला. इटालियन वृत्तपत्रांत त्यांच्या जाण्याच्या बातम्या त्याआधी आठवड्यामागून आठवडे छापल्या जात होत्या. मला तो निर्णय योग्य वाटला. टॉड यांनाही पहिले सांघिक विजेतेपद मिळायला सहा वर्षे लागली होती आणि वासर यांची तेव्हा तीनही भरली नव्हती.