राजीनामा लिहून घेतला, तरी तो मागे घेता येतो

प्रश्न (साताऱ्याहून): मी बी.ई. झाले आहे, वय 33. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत 6 वर्षं 8 महिने नोकरी झाली. पद सीनियर इंजिनियर, पगार महिना 80,000, त्यात बेसिक 32,000. आठवड्यातले तीन दिवस गोडोलीतल्या घरून काम, दोन दिवस पुण्याला ये-जा. सोमवारी एचआरने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, प्रोजेक्ट बंद होतोय, संध्याकाळी सहापर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका, दोन महिन्यांचा बेसिक देऊ. नाही टाकला तर ‘परफॉर्मन्स’चं कारण लावून काढू आणि पुढच्या कंपनीने विचारलं की तेच सांगू. घाबरून मी राजीनामा टाकला. शेवटचा दिवस महिनाअखेर आहे. आता ‘माझी कोणतीही मागणी उरलेली नाही’ असा कागद सहीसाठी आला आहे. राजीनामा मागे घेता येईल का? आमच्यासारख्यांना कामगार कायदा लागतो का? हाती किती पडेल? घराचा हप्ताही चालू आहे.

उत्तर:

ताई, त्या कागदावर सही करू नका. आणि राजीनामा मागे घेतल्याची मेल हे वाचाल त्याच दिवशी पाठवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

एवढी घाई कशासाठी, ते सांगतो. तुम्ही सोडून गेलात की कंपनीने काढलं, यावर तुमचे जवळजवळ सगळे हक्क टांगलेले आहेत. सोडून गेलात तर नोटिशीचा पगार नाही, नोकरकपातीची भरपाई नाही, कारण विचारायचीही सोय नाही. म्हणून तर कंपन्या काढून टाकल्याचं पत्र द्यायचं टाळतात आणि पोर्टलवर राजीनामा टाकायला लावतात. पोर्टलवर कारणांच्या यादीत तुम्ही बहुतेक ‘वैयक्तिक कारण’ निवडलं असेल, कारण ‘एचआरने सांगितलं म्हणून’ असा पर्याय त्या यादीत कधीच नसतो. त्या पानाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट आज काढा. लॉगिन बंद झालं की ते पान पुन्हा दिसणार नाही.

पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे तत्त्व जुनं आणि पक्कं आहे. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने दिलेला राजीनामा मागे घेतला होता, तरी त्याला सेवामुक्त केलं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावलं. ती सरकारी मालकीची संस्था होती, तुमची खाजगी आहे, त्यामुळे तोच निकाल जसाच्या तसा पदरात पडेल असं मी म्हणणार नाही. पण तुमचा शेवटचा दिवस अजून उजाडलेला नाही, ही तुमची आजची सगळ्यात मोठी ताकद आहे. दुसरा आधार भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 15 मधली ‘जबरदस्ती’ सिद्ध करणं कठीण जातं, कारण तिथे गुन्हा ठरेल असं कृत्य किंवा तशी धमकी लागते. कलम 16 मधलं ‘गैरवाजवी दडपण’ मात्र तुमच्या प्रसंगाला बरोबर बसतं. ज्याच्या हातात तुमची भाकरी आहे, त्याने ती ताकद वापरून अन्यायाचा व्यवहार करून घेतला, तर असा करार दबलेल्या माणसाला रद्द करून घेता येतो. न्यायालय इथे एक गोष्ट हमखास पाहतं: दडपण होतं, तर तुम्ही लगेच बोललात का? चार दिवसांत लिहिलेली मेल खरी वाटते, चार महिन्यांनी आलेली नोटीस नंतर सुचलेली वाटते.

मेल इंग्रजीत असू दे, मजकूर साधा ठेवा. ‘अमुक तारखेला अमुक वाजता आपले अमुक अधिकारी व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी सहा वाजेपर्यंत राजीनामा टाकण्यास सांगितले, अन्यथा कामगिरीचे कारण लावून काढण्याची व पुढील कंपनीस तसे कळवण्याची धमकी दिली. त्या दडपणाखाली टाकलेला राजीनामा माझ्या इच्छेचा नव्हता व तो मी मागे घेत आहे. मी कामावर हजर आहे व काम करण्यास तयार आहे.’ एवढंच. रागाची विशेषणं नकोत, कर्जाचं रडगाणं नको. ‘कामावर हजर आहे’ हे वाक्य मात्र गाळू नका. ते नसेल तर कंपनी म्हणते, बाई स्वतःहून यायच्या थांबल्या. एचआर आणि मॅनेजर दोघांना पाठवा, आणि स्वतःच्या खाजगी मेलला प्रत ठेवा. मग तोच मजकूर छापून, सही करून कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर टपालाने पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्टच मागा आणि सोबत नोंदणी व पोचपावती हवी असं स्पष्ट सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. डिग्री आहे, लॅपटॉपवर काम आहे, पगार लाखाच्या घरात आहे म्हणजे आपण कामगार नाही, हा समज मुळातच चुकीचा आहे, आणि त्यापायी कितीतरी शिकलेली मुलं हक्क न मागताच घरी बसतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक विवाद कायदा 1947 ची जागा औद्योगिक संबंध संहिता 2020 ने घेतली आहे. तिच्यात ‘कामगार’ म्हणजे शारीरिक, कुशल, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचं वगैरे काम करणारा माणूस. तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची वरची मर्यादा नाही. 18,000 रुपयांची मर्यादा आहे ती फक्त देखरेख करणाऱ्याला. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय अधिकारातला माणूस मात्र पूर्ण बाहेर.

म्हणून पदनाम बाजूला ठेवा आणि दिवसभर प्रत्यक्ष काय करता ते पाहा. आठपैकी सात तास कोड लिहिणं, चुका शोधणं, तक्रारींची तिकिटं (नोंदी) निकाली काढणं यात जात असतील तर तुम्ही तांत्रिक कामगार आहात, असा भक्कम युक्तिवाद करता येतो. दोन नव्या मुलांना काम वाटून देता म्हणून तुम्ही मॅनेजर होत नाही. पण कुणाची रजा मंजूर करता, कुणाचं वार्षिक मूल्यमापन तुमच्या सहीने अंतिम होतं, कुणाला घ्यायचं-काढायचं तुम्ही ठरवता, असं असेल तर कंपनी नेमकं तेच पुढे करेल. आजच एका वहीत गेल्या सहा महिन्यांतला कामाचा ठरावीक दिवस तासांसह लिहून काढा. पुढे साक्ष द्यायची वेळ आली की तीच वही कामाला येते.

तुम्ही कामगार ठरलात, तर काढण्यापूर्वी कंपनीला या संहितेचं कलम 70 पाळावं लागतं: कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे तुमची 7 वर्षं. त्याच वर्गात तुमच्यानंतर लागलेला माणूस आधी जायला हवा. तसं केलं नाही तर कारण नोंदवावं लागतं. एका वर्षाच्या आत त्याच कामाची भरती निघाली, तर काढलेल्याला आधी विचारावं लागतं, म्हणून कंपनीच्या जाहिरातींवर नजर ठेवा आणि दिसेल ती साठवा. ‘परफॉर्मन्स’चं कारण शिक्षा म्हणून लावायचं असेल तर आरोपपत्र आणि चौकशी हवी. एप्रिलमध्ये पगारवाढ देऊन सप्टेंबरमध्ये ‘काम बरं नाही’ म्हणणाऱ्या कंपनीला समोर पगारवाढीचं पत्र ठेवलं की उत्तर सुचत नाही. तुमचं तसं पत्र असेल तर ते फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. सरकारची आगाऊ परवानगी लागते असं काही जण सांगतील. ती अट कारखाना, खाण आणि मळ्यांना आहे, तीही 300 कामगारांपासून. तुमच्या ऑफिसला नाही.

आकडे मांडू. नव्या कामगार संहितांमध्ये ‘वेतना’ची व्याख्या बदलली आहे. घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनात परत मोजला जातो. तुमचा बेसिक 32,000 असला तरी 80,000 च्या निम्मं, म्हणजे किमान 40,000 वेतन धरून मागणी करा. ग्रॅच्युइटी: 40,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 7 वर्षं, म्हणजे सुमारे 1,61,538. कंपनी बेसिकवर काढेल तर 1,29,231 होतील. हा सुमारे 32,000 चा फरक सोडायचा नाही. पाच वर्षं झाल्यामुळे ग्रॅच्युइटी राजीनामा दिलात तरी मिळतेच, म्हणून ‘सही करा मग ग्रॅच्युइटी देऊ’ या बोलण्याला बळी पडू नका. ती 30 दिवसांत द्यायची असते. कपातीची भरपाई 15 दिवसांचे 20,000 गुणिले 7, म्हणजे 1,40,000. शिवाय कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीत (नवं कौशल्य शिकता यावं यासाठीचा निधी) 15 दिवसांचं वेतन कंपनीने भरायचं आणि ते 45 दिवसांत तुमच्या खात्यात यायचं, अशीही तरतूद आहे.

नोटिशीचं वेगळं. नेमणूकपत्र काढा आणि त्यातला शब्द वाचा. ‘60 दिवसांची नोटीस किंवा तितक्या दिवसांचा पगार’ असं असेल तर पगार म्हणजे पूर्ण पगार, 1,60,000. ‘बेसिक’ असं स्पष्ट छापलं असेल तरच कंपनीचे 64,000 बरोबर.

आणि हिशोबाला 45 दिवस लागतील असं एचआर सांगेलच. वेतन संहिता 2019 च्या कलम 17 प्रमाणे काढलं असो वा राजीनामा असो, वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. हे कलम मॅनेजरलाही लागू आहे. दिलं नाही तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि दहापटीपर्यंत भरपाई मागता येते.

हाती पैसे येतील तेव्हा ते घ्या, नाकारू नका. सहीशिवाय देतच नाहीत अशी वेळ आली तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’ लिहा, तारीख घाला, फोटो काढा. पोर्टलवरच्या चौकटीत खूण करून घेणार असतील, तर त्याच मिनिटाला त्याच अर्थाची मेल टाका.

पुराव्यात लोक दोन चुका करतात. पहिली, धमकीचं रेकॉर्डिंग मोबाइलवरून व्हॉट्सॲपने इकडेतिकडे पाठवतात आणि मूळ फाइल पुसली जाते. मूळ फाइल आणि तो फोन जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. दुसरी चूक जास्त महाग पडते: रागाच्या भरात कंपनीचा कोड किंवा ग्राहकाची माहिती खाजगी मेलवर ओढून घेणं. तेवढ्यावर कंपनी तुम्हालाच आरोपी करते. फक्त स्वतःची कागदपत्रं घ्या: नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पगारवाढीची पत्रं, फॉर्म 16, शिल्लक रजेचं पान. लॅपटॉप देताना सीरियल नंबर लिहिलेली पोच घ्या, आणि तो फॉरमॅट करू नका.

मेलला आठवडाभर उत्तर आलं नाही, किंवा महिनाअखेरीला लॉगिन बंद झालं, तर समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार कार्यालयात दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. सातारा की पुणे? घरून कामाची परवानगी देणाऱ्या पत्रात ठिकाण सातारा लिहिलं असेल तर साताऱ्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्या. काहीच लिहिलेलं नसेल तर माझा सल्ला पुण्याचा. अधिकारक्षेत्राच्या वादात वर्ष घालवण्यापेक्षा एसटीचं तिकीट स्वस्त. अर्जानंतर 45 दिवसांत समेट झाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि हे सगळं काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, त्या हिशोबात राहू नका.

समेटाच्या टेबलावर काय मागायचं ते आधीच लिहून न्या. मी असतो तर हा क्रम ठेवला असता: नोटिशीचा पूर्ण पगार, कपातीची भरपाई, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, आणि ‘परफॉर्मन्स’ हा शब्द नसलेलं सेवामुक्तीचं पत्र. तुमच्या क्षेत्रात ते पत्र पन्नास हजारांपेक्षा मोलाचं आहे. तडजोड झाली तर ती समेट अधिकाऱ्यासमोर लेखी करा.

तुम्ही व्यवस्थापकीय ठरलात तर? मग नोकरी परत मिळवून द्यायला दिवाणी न्यायालय सहसा तयार होत नाही; तिथे मिळतो तो प्रामुख्याने करारातला नोटिशीचा पगार. दाव्याची मुदत तीन वर्षं. वेतन, रजा आणि ग्रॅच्युइटी मात्र तेव्हाही तुमचीच.

हप्त्याचं: एक हप्ता चुकण्याआधीच बँकेला लेखी कळवून मुदत वाढवून मागा. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकलेलं कर्ज, होतं आणि मग शाखेच्या साहेबांच्या हातात फारसं काही उरत नाही. पीएफ घाईने काढू नका. पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते आणि तुमची पावणेसात झाली आहे. नव्या नोकरीत खातं वर्ग करा. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्हाला स्वतः भरता येते. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज त्याआधी द्या.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, राजीनाम्याचा स्क्रीनशॉट आणि मागे घेतल्याच्या मेलची छापील प्रत, प्रत्येकाचे दोन संच न्या.