पहिल्या कम्युनियनच्या यादीत त्याचं नाव लिही

जय येशू. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वर्गातली बाकीची पोट्टी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ घडाघडा म्हणतात, आणि डाउन सिंड्रोम असलेला तो एकटा नुसता हसत बसतो. त्याला पहिल्या कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीला, यंदा बसवायचं की पुढच्या वर्षी, असं विचारलंस. यंदाच बसव. पाठ त्याला पुढच्या वर्षीही होणार नाही, आणि सोबतची पोरं मात्र पुढं निघून गेलेली असतील.

फादर ‘नियम बघू’ म्हणाले, तर नियम असा आहे. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतलं कलम 777 ही जबाबदारी धर्मग्रामाच्या फादरांवरच टाकतं. शरीरानं किंवा बुद्धीनं दिव्यांग असलेल्यांना झेपेल तितकं धर्मशिक्षण मिळतंय की नाही, हे त्यांनी पाहायचं. कलम 913 ख्रिस्तप्रसादाआधी मुलांकडून समज मागतं, पण ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. घडाघडा म्हणण्याची अट त्यात कुठंच नाही. ती आपण शिकवणाऱ्यांनी घातली, कारण पाठांतर तपासायला सोपं पडतं. अमेरिकेतल्या बिशपांनी 1995 साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तर स्पष्टच आहे: ही भाकर रोजच्या जेवणातली नाही एवढा फरक त्याला कळला की पुरे. तोंडानं सांगता आलं नाही, तरी हावभावातून किंवा आदरानं गप्प राहण्यातून दिसलं तरी चालतं. शंका राहिलीच, तर निकाल संस्कार देण्याच्या बाजूनं लावायचा. त्या सूचना आपल्याकडे लागू नाहीत, पण फादरांना दाखवायला बऱ्या. तू त्याची तोंडी परीक्षा घेऊ नकोस. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर भाकर वर उचलतात तेव्हा तो काय करतो, ते बघ.

खरी अडचण वेगळीच येते. ती भाकर पातळ असते, टाळूला चिकटते, आणि न सवयीचं लेकरू ती थुंकून टाकतं. मग सगळं चर्च वळून बघतं, आई शरमेनं अर्धी होते आणि पुढच्या रविवारपासून घरीच बसते. म्हणून सिस्टरांकडून वेदीवर न अर्पिलेल्या कोऱ्या भाकरी मागून घे. आधी नखाएवढा तुकडा, वर घोटभर पाणी. रोज संध्याकाळी आईच्या हातून, त्याच जागी, तेच शब्द बोलून. ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हटल्यावर तो नुसती मान हलवेल, तेच त्याचं आमेन समज. एखाद्याला सेरेब्रल पाल्सीमुळे गिळताच येत नसेल, तर फादर प्याल्यातला अर्पिलेला द्राक्षरस थेंबभर देऊ शकतात, तेही पूर्ण कम्युनियनच असतं.

आवाजाचंही बघ. ढोलकी, घंटा आणि मधेच शिट्टी मारणारा आपला माइक, एवढं झालं की ऑटिझम असलेलं पोरगं कान दाबून ओरडणारच. त्याला बाजूच्या दाराजवळचा बाक दे, म्हणजे नको झालं की बाहेर कडुनिंबाखाली जाऊन परत येता येतं. एप्रिल-मे मध्ये टिनाखाली शहाण्या माणसाचंही डोकं फिरतं, तेव्हा सकाळची लवकरची मिस्साच बरी.

3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, अशा मुलांना स्टेजवर बसवून शाल आणि ब्लँकेट देण्याचा कार्यक्रम मला मुळीच आवडत नाही. त्यापेक्षा काम दे. गीतांची पुस्तकं वाटणं, अर्पणाच्या वेळी द्राक्षरस वेदीपाशी नेणं. पाळीच्या कागदावर इतरांसारखंच त्याचंही नाव येऊ दे.

त्याच्या आईशी बोलताना जपून बोल. भगत झाला, दर्गा झाला, चंगाईची प्रार्थनासभाही झाली असेल, आणि प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी ‘काहून झालं असं, काय पाप केलं होतं’ हे विचारलंच असेल. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यही हेच विचारतात, आणि येशू सांगतो की यानंही पाप केलं नाही अन् याच्या आईबापांनीही नाही. तो उतारा तिला वाचून दाखव. सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यावर हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना कोणाला करू देऊ नकोस.

‘माझ्या मागं याचं कोण?’ असं ती विचारेलच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का, ते आधी विचार. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व येतं, त्यात हा बसतो. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. दवाखान्यात दिव्यांगत्व तपासणारं बोर्ड ठरलेल्या वारीच बसतं आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून सोबत तू जा, कागदं आदल्या दिवशीच तपासून घे.

आणि एक. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते तेव्हा ती रविवारीही वावरातच असेल. त्या दिवसांत त्याला मिस्साला आणायचं कोणी, हे आत्ताच ठरव. शेजारच्या घरातलं कोणी तयार झालं तर मला कळव, नाहीतर मी फादरांशी बोलते.